झाडाविना वाढलेलं बांडगूळ

माझी नणंद भारती हिच्या हातांना गेली कित्येक वर्षं स्पिरिटचा वास यायचा. संध्याकाळच्या आरतीला ती कॉलेजातून थेट येऊन उभी राहिली की मी म्हणायची, "जरा लांब राह्य वं, कापरासोबत तूही पेटशील." ती हसून दोन पावलं मागे सरकायची, पण आरती सोडायची नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे तिच्याबद्दल जे बोललं गेलं ते वाचताना हे आठवणीत असलेलं बरं.

आम्ही हेडाऊ, मूळचे उमरेडचे कोष्टी. मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, घरात माग होता. लुगडी विणायचे. सासूबाई सुताच्या कांड्या भरायच्या. पुढे मागाचं काम बसलं, माग विकला आणि सगळे नागपूरला आले. मी लग्न होऊन आले तेव्हा भारती नववीत होती. तिच्या लहानपणीची एक गोष्ट मामाजी पाहुण्यांना नेहमी सांगायचे. बोरीच्या कुंपणावर अमरवेल पसरलेली असते ना, पिवळी, धाग्यासारखी? ही पाचसहा वर्षांची असताना ओंजळभर अमरवेल तोडून घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, पिवळं सूत आणलं."

मामाजींनी एक धागा ओढून पाहिला. तुटला. म्हणाले, "हे सूत नोहे वं. हे चोर हाये. दुसऱ्या झाडाचं पिऊन जगते."

पोरीने विचारलं, "मंग झाड सापडाच्या पहिले काय पिते?"

मामाजी सांगायचे, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी तिला एक गुळाचा खडा दिला. ऐकणारे हसायचे. भारती हसायची नाही. ती म्हणायची, उत्तर अजून राहिलंच आहे.

तिने लग्न केलं नाही. जमलं नाही असं लोकांना वाटतं, पण दोन ठिकाणं तिनेच परत पाठवली. त्यातला एक तर डॉक्टर होता, गुरांचा का होईना. सासूबाई शेवटपर्यंत म्हणत होत्या, "हिचं लग्न एखाद्या झाडासंगच लावून द्या." त्यावर ही म्हणायची, "लावा, पण त्याच्यावर बांडगूळ पायजे." वनस्पतिशास्त्र शिकली, शाळेत मास्तरीण झाली, आणि चाळिशीच्या तोंडावर असताना एका कॉलेजात अरुंधती मॅडमच्या हाताखाली पीएच.डी.ला नाव घातलं. सकाळी शाळा, दुपारनंतर कॉलेजची प्रयोगशाळा. माझे मिस्टर तिचे सख्खे भाऊ, ते म्हणायचे, "आता कायले हा व्याप?" ती म्हणायची, "दादा, तुमचा व्याप मी कधी विचारला का?" तिथे विषय संपायचा.

तिचा विषय होता बांडगुळाचा भ्रूण. भ्रूण हा शब्द मी सोनोग्राफीच्या दवाखान्यातल्या पाटीवरच वाचलेला. झाडांनाही भ्रूण असतो हे मला तिने आमच्या जेवणाच्या टेबलावर समजावलं. सोसायटीसमोरच्या आंब्यावर बांडगूळ आहे, त्याची पिकलेली फळं ती वाटीत घेऊन आली होती. एक दाबून दाखवलं. आत गोंदासारखा चिकट गर, त्यात बी. चिमणीहून लहान पक्षी ते फळ खातो, बी त्याच्या अंगाला चिकटतं, तो ते फांदीवर घासून टाकतो. बी तिथेच रुजतं, फांदीच्या आत शिरतं आणि आंब्याचं पाणी पिऊन वाढतं. तिने सुईने बी उकललं आणि आतला हिरवट ठिपका दाखवला. मला चष्मा पुसून घ्यावा लागला.

"हाच भ्रूण," ती म्हणाली. "हा मी बाटलीत ठेवते, वहिनी. झाडावर नाही. साखर आणि क्षार घातलेली जेली असते, तिच्यावर. पाहायचं हाये की याले जन्मापासूनच झाड लागते, का कोणी पोटाले दिलं तर हा आपल्या पायावर उभा राहू शकते."

"आणि राह्यला तर?"

"तर बाबाले उत्तर भेटन."

मामाजी तोवर गेलेले होते.

मी एकदाच तिच्या प्रयोगशाळेत गेले. मागच्या बाजूला एक लहान खोली, पांढरी, थंडगार, ट्यूबलाइट लावलेल्या मांडण्या आणि त्यांवर कापसाची बुचं लावलेल्या बाटल्या. आत जाताना चप्पल बाहेर, केस बांधलेले, गजरा काढलेला, हात कोपरापर्यंत धुतलेले, वरून स्पिरिट. मला ते सगळं ओळखीचं वाटलं. आमच्याकडे महालक्ष्म्यांचा स्वयंपाक असाच होतो. नैवेद्य दाखवेपर्यंत बाहेरचा हात लागू देत नाही. मी तसं म्हटलं तर भारती खूश झाली. "तुम्ही समजल्या. मॅडमले समजवाले मले वर्ष लागलं."

तेव्हा बाटल्यांत काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं. काही भ्रूणांना दोन हिरवी पानं फुटलेली. काहींच्या टोकाला एक गोल चकती आलेली, आणि ती जाऊन काचेला चिकटलेली. ती चकती म्हणजे झाडात शिरायचं त्यांचं तोंड. झाड नाही, तरी काच धरून बसलेली. आणि काही भ्रूणांचा नुसता गोळा होऊन त्यातून लहान लहान नवे भ्रूण निघत होते, एकातून अनेक. भारती म्हणाली, "या शेवटच्याचेच फोटो आणि सूक्ष्मदर्शकाखालचे काप व्हायचे हायेत. ते झाले की लिहायला बसते." विद्यापीठाने मुदत आधीच वाढवून दिली होती. आताची शेवटची. फळं चैत्राशिवाय पिकत नाहीत, म्हणजे या बाटल्या गेल्या तर सगळं गेलं. हे ती मला जितक्या वेळा बोलली तितक्या वेळा वंदनालाही बोलली असणार.

वंदना त्या प्रयोगशाळेतली सहायक. लकडगंजकडे राहते. नवरा आरा मशीनवर होता, ती बंद पडली तेव्हापासून घरीच. ही कंत्राटावर, कायम होण्याची वाट पाहत. भारतीचा आणि तिचा डबा एक. आमच्या भाकऱ्या तिला आवडायच्या आणि तिच्या घरचा पाटोडी रस्सा भारतीला. दरवर्षी मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी मी सवाष्णी बोलावते, त्यात वंदना असायचीच. मी तिची ओटी भरली आहे, तिच्या मुलीच्या बारशाला अंगडं-टोपडं नेलं आहे. ती भारतीला म्हणायची, "तू डॉक्टरीण झाली का मले विसरू नको गं, बाटल्या मी धुतल्या हायेत." आणि खरंच धुतल्या होत्या.

खंडेनवमीला आमच्या नागपुरात कोणत्याही कामाच्या जागी हत्यारांची पूजा होते. गॅरेजमध्ये पान्यांची, प्रेसमध्ये मशीनची, कॉलेजात सूक्ष्मदर्शकांची. मामाजी मागाची करायचे, आता मी शिलाई मशीनची करते. प्रयोगशाळेतही दरवर्षी व्हायची. भारती स्वतःच झेंडूची फुलं न्यायची. यंदा तिला शाळेत पेपर तपासायला बोलावलं होतं, म्हणून आदल्या दिवशी तिने फुलं वंदनाकडे दिली आणि मागच्या खोलीची किल्लीही. म्हणाली, "पूजा बाहेरच्या खोलीत कर. मागच्या दाराले बाहेरून हळदीकुंकू लाव, पण उघडू नको. कोणी म्हटलं तरी."

वंदना म्हणाली, "मी काय आज आली का इथं?"

नवमीच्या दुपारी कॉलेजच्या ग्रुपवर फोटो आला. मी कणीक मळत होते, भारती शाळेतून नुकतीच आलेली. तिने मोबाइल माझ्यासमोर धरला. नवे प्राचार्य, त्यांच्या शेजारी अरुंधती मॅडम, हातात आरतीचं ताट घेतलेली वंदना. मॅडमच्या हातात फूल, पाण्यात बुडवून शिंपडण्यासाठी उचललेलं. आणि मागे त्या पांढऱ्या मांडण्या, बाटल्या, कापसाची बुचं.

"हे आतमधलं हाये, वहिनी," एवढंच ती म्हणाली.

तिने वंदनाला फोन लावला. मला पलीकडचं ऐकू येत होतं. "अवं, प्राचार्य म्हणाले, खरं काम आत होते तर पूजा बाहेर काहून? मॅडम काही बोलल्या नाही, मी काय बोलणार? थोडंसंच शिंपडलं. गंगाजल होतं."

"बुचं ओली झाली का?"

वंदना म्हणाली, "थोडीशी."

कोरड्या कापसातून हवा जाते, बुरशी जात नाही. ओला झाला की बुरशीला तो जिना होतो. हे भारतीने मला त्याच बसल्या जागी सांगितलं, अगदी शांतपणे, जसं आपण एखाद्याच्या आजाराचं सांगतो. लगेच जाऊन बुचं बदलली असती तर काही बाटल्या वाचल्या असत्या. पण एकुलती एक किल्ली वंदनाकडे, आणि वंदना पूजा आटोपून माहेरी जायच्या बसमध्ये बसली होती. दसरा गेला, जोडून रविवार आला. भारतीने सोनं वाटलं, मोठ्यांच्या पाया पडली, आल्यागेल्याशी बोलली. जेवली मात्र नाही.

कॉलेज उघडलं तेव्हा कापसावर हिरवंकाळं आलेलं होतं आणि आत जेलीवर पांढरी लव. भ्रूण त्याखाली.

अरुंधती मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. त्या वाईट बोलल्या नाहीत, उलट पाणी दिलं. म्हणाल्या, "भारती, संशोधन समितीकडे अर्ज कर. नुकसान तुझ्या निष्काळजीपणाने झालेलं नाही हे समितीला पटलं, तर आणखी एक वर्ष मिळू शकतं. पण प्राचार्य समितीत आहेत. मी स्वतः काही बोलले तर ते चांगलं दिसणार नाही. वंदनाला विचार. बाटल्या रोज तीच पाहायची."

म्हणजे सगळं येऊन वंदनाच्या शब्दावर थांबलं. बाटल्या नवमीपर्यंत चांगल्या होत्या आणि बुचं पूजेत भिजली, एवढं तिने म्हणायचं होतं. जे झालं तेच.

वंदना आमच्या घरी आली. मी भाकरी, झुणका केला होता. तिने पोटभर खाल्लं, डोळ्यांत पाणी आणलं. "माह्या हातून चूक झाली, भारती. मी दार उघडाले नाही पायजे होतं. मी समितीसमोर सांगते. मले काढून टाकतील तर टाकू दे." मग उठून देवघरापाशी गेली आणि समईपुढे हात जोडून म्हणाली, "देवीच्या समोर सांगते, जे पाह्यलं तेच बोलीन." मी तिच्या हातावर साखर ठेवली. भारतीने तिला कोपऱ्यापर्यंत जाऊन ऑटोत बसवून दिलं. परत आल्यावर म्हणाली, "वहिनी, मी तिच्यावर उगाच चिडली होती."

बैठकीच्या दिवशी मी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. भारती आली, पाय धुतले आणि माझ्यासमोर बसून शेंगा सोलायला लागली.

मी विचारलं, "काय झालं?"

"नाही दिलं वर्ष."

"वंदना नाही आली?"

"आली ना. माह्या बाजूलेच बसली होती." तिने दाणे वाटीत टाकले. "मी फोटो दाखवला. प्राचार्य म्हणाले, फोटोत पूजा दिसते, बाटल्या खराब झाल्या ते कुठं दिसते? मंग वंदनाले विचारलं. ती म्हणाली, बाटल्या पहिलेपासूनच खराब होत्या."

मी शेंगांची टोपली बाजूला सारली.

"अजून म्हणाली, भारतीले पूजेचा तिटकारा हाये. दरवर्षी आडवी येते. आता स्वतःचं बिघडलं तर देवावर घालून राहिली."

"असं म्हणाली?"

"असंच. माह्याकडे पाहून नाही, टेबलाकडे पाहून. एक बाहेरचे सर होते, ते म्हणाले, श्रद्धेला दोष देऊन पदवी मिळत नसते बाई. मॅडम चष्मा पुसून राहिल्या होत्या."

नवरात्राचे नऊ दिवस माझ्याबरोबर उपास करणारी ही पोर. घटाची माती स्वतः चाळून आणते. कन्हेरीचा हार तीच करते, मला तेवढा जमत नाही. तिला पूजेचा तिटकारा. मला राग आला तो आधी त्या खोटेपणाचा नाही, देवीचा असा आडोसा केला त्याचा. जगदंबेने कधी म्हटलं की बंद दार उघडा, मला आत येता येत नाही? मी तोंडाने ते बोलले तेव्हा भारती म्हणाली, "वहिनी, तुम्ही असत्या समितीत तर बरं झालं असतं." आणि हसली. ते हसणं मला पाहवलं नाही.

संध्याकाळी मिस्टर तापले. "कोर्टात जाऊ."

"साक्षीदार कोण, दादा?" तिने विचारलं. "होता तो एकच होता."

तिची नोंदणी रद्द झाली. खोली रिकामी करून द्यायची होती. बुरशी आलेल्या बाटल्या तशाच फेकत नाहीत, मोठ्या कुकरात वाफेवर शिजवून मग आतलं टाकतात. ते काम सहायकाचं. भारतीने ते स्वतः केलं. घरी येऊन मला सांगितलं की वंदना दारात उभी होती आणि म्हणाली, दे मी करते. हिने बाजूला सरकून तिला जागा दिली. दोघींनी मिळून बाटल्या धुतल्या. बोलणं नाही झालं. मी विचारलं, "तू तिले काही म्हटलं काहून नाही?" ती म्हणाली, "काय म्हणू? तिले सगळं माहीत हाये."

थोड्याच दिवसांत कळलं, वंदना कायम झाली.

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आला. मी सवाष्णींना फोन केले, वंदनाला केला नाही. मन लागत नव्हतं, पण व्रत सोडत नाही. पूजा झाली, कथा वाचली, बायका आल्या, हळदीकुंकू चालू झालं. आणि दारात वंदना. नवी साडी, सोबत पेढ्यांचा डबा. म्हणाली, "दरवर्षी येते ना ताई, म्हणून आली."

दारी आलेल्या सवाष्णीला गुरुवारी परत पाठवत नाही. मी तिला पाट दिला, कुंकू लावलं. माझं बोट तिच्या कपाळावर नेहमीपेक्षा जोरात टेकलं असेल. ओटी भरली. पेढ्यांचा डबा मी पाटाखाली सरकवून ठेवला, देवीपुढे नेला नाही. बाकीच्या बायका गेल्या तरी ती बसून राहिली. भारती आतल्या खोलीतून बाहेर आली, तेव्हा वंदनाने पर्समधून एक छोटा प्लास्टिकचा डबा काढला.

"रागावू नको," वंदना म्हणाली. "तुले घर हाये, भाऊ हाये, शाळेची नोकरी हाये. माह्या घरी मी एकटी कमावणारी. प्राचार्यांनी मले आधीच बोलावून सांगितलं होतं, काय म्हणायचं ते."

"आधी म्हणजे? इथं जेवाले आली त्याच्या आधी का नंतर?"

वंदना पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "आधी," ती म्हणाली.

मी समईत तेल घालत होते. म्हणजे माझ्या देवघरासमोर हात जोडले तेव्हाच तिला माहीत होतं की आपण काय बोलणार. भाकरी खाल्ली तेव्हाही.

भारतीच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. तिने डब्याकडे बोट केलं. "हे काय?"

"मॅडमनी तुहा विषय पुढं चालू ठेवायचं ठरवलं. नवीन पोरगी येणार हाये. तिले शिकवाचं काम माह्यावर टाकलं. पण बीमधून तो भ्रूण काढाचं मले नाही जमत, चेंदा होते. तू कशी सुई धरायची, ते एकदा दाखवून दे."

डब्यात बांडगुळाची फळं होती. मला वाटलं, आता ही तो डबा उचलून बाहेर फेकणार. खरं सांगायचं तर तसं व्हावं अशी माझी इच्छा होती.

भारतीने एक फळ उचललं. अंगठ्याने दाबून पाहिलं, उजेडाकडे धरलं. सवयीने नखाने साल थोडी सोलली. तिचा चेहरा क्षणभर मोकळा झाला, कामात असली की होतो तसा. मग तिने ते फळ परत डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं.

"हे कच्चे हायेत," ती म्हणाली. "याच्यात अजून भ्रूण तयारच नाही झाला. कशीही सुई धर, निघणार नाही. चैत्रात तोडा म्हणा मॅडमले."

"आणि मंग दाखवशील?"

"नाही."

वंदनाने डबा पर्समध्ये टाकला, ओटी सावरली आणि उठली. माझ्या पाया पडायला वाकली. मी आशीर्वाद दिला, तो द्यावाच लागतो. ती गेल्यावर भारतीने नळाखाली हात धुतले. बांडगुळाचा चीक लवकर सुटत नाही, तिला राखेने घासावे लागले. मी पाटाखालचा पेढ्यांचा डबा काढून खाली चौकीदाराला देऊन आले.

परत आले तेव्हा ती देवीपुढचे विडे आवरत होती. मला म्हणाली, "वहिनी, उद्यापासून शाळेत दुपारचेही तास घेते. प्रयोगशाळेची वेळ आता रिकामीच जाते."

मी म्हटलं, बरं.